शिशाच्या शिपायांचें पुनरागमन

दिवाळी जवळ आली कीं महाराष्ट्रांतील अंगणांत मातीचे किल्ले उभे राहूं लागतात. तट, बुरूज, पायऱ्या, एखादें तळें, हळिवाच्या कोंबांचें हिरवें रान, माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजी महाराज आणि उतारावर रंगीत मातीचे मावळे! भाऊबीज उलटते, किल्ल्याची माती ढांसळते, मावळे खोक्यांत जातात. आणि चार-सहा वर्षांत ते मांडणारे हात परीक्षा, नोकरी, संसार अशा मोठ्या उद्योगांना लागतात. त्या खोक्याचें पुढें काय झालें याची चौकशी मग सहसा कोणी करीत नाहीं.

इंग्लंडांतहि असलीं खोकीं पुष्कळ घरांच्या माळ्यांवर पडून असतात. त्यांत मातीच्या मावळ्यांऐवजीं शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे शिपाई असतात, एवढाच फरक. परंतु तेथें एक गोष्ट वारंवार घडते. चाळिशी-पन्नाशीला आलेला एखादा डॉक्टर, शिक्षक किंवा कारकून एके दिवशीं माळ्यावर चढतो, धूळ झटकून तें खोकें खालीं आणतो आणि लहानपणीं सोडून दिलेला खेळ पुन्हां मांडतो. मेजावरची लढाई हा तो खेळ; इंग्रजींत त्याला वॉरगेमिंग म्हणतात. प्रौढ, संसारी माणसांनीं शिशाच्या शिपायांकडे परत कां वळावें, आणि ज्यांनीं खरें युद्ध डोळ्यांनीं पाहिलें अशांनींहि त्यांत कां रमावें, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असें एक मेज असतें. त्यावर हिरवें कापड अंथरलेलें असून खालीं पुस्तकें सारून टेकड्या केलेल्या असतात. निळ्या कापडाच्या पट्टीची नदी, पुठ्ठ्याचीं घरें, तारेचीं झाडें. दोन बाजूंस दोन फौजा, आणि प्रत्येक शिपाई सुमारें एक इंच उंचीचा. असा एक शिपाई वीस खऱ्या शिपायांबद्दल उभा आहे, असें मानण्याचा एक प्रघात आहे. बुद्धिबळाच्या पटावर असतात तशीं घरें येथें नसतात. पायदळानें एका खेपेस किती इंच चालावें, घोडदळानें किती दौडावें, हें नियमांनीं ठरलेलें असतें आणि तें पट्टीनें मोजावें लागतें. गोळीबाराचा परिणाम फांसे टाकून ठरतो. एखाद्या पलटणीचे बरेच लोक पडले म्हणजे तिच्या धैर्याची परीक्षा होते. फांसा प्रतिकूल पडला तर सेनापतीची इच्छा असो वा नसो, ती पलटण पाठ फिरविते. हा शेवटचा नियम या खेळाचा आत्मा होय. कारण आपण हुकूम दिला म्हणजे तो पाळला जाईलच, हा भ्रम त्यानें नाहींसा होतो.

या खेळाचें कूळ बुद्धिबळाचें, म्हणजे मुळांत भारतांतील चतुरंगाचें. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ हीं चार अंगें पटावर मांडण्याची कल्पना येथून इराण व अरबस्तानमार्गें युरोपांत गेली. १७८० सालीं जर्मनींतील ब्रुन्स्विक येथें हेलविग नांवाच्या शिक्षकानें बुद्धिबळाचा पट पुष्कळ मोठा करून त्यावर डोंगर, पाणी, गांवें दाखविणारीं रंगीत घरें आणलीं. १८१२ सालीं रायस्विट्झ नांवाच्या प्रशियन गृहस्थानें पटावरील घरेंच काढून टाकलीं, आणि जमिनीचे उंचसखल तुकडे जुळवून केलेलें एक मेज प्रशियाच्या राजापुढें ठेवलें. त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ सालीं हा खेळ खऱ्या नकाशांवर आणला, त्याचे नियम छापले, आणि दोन्ही पक्षांचे हुकूम गुप्तपणें घेऊन निकाल देणारा एक पंच नेमला. प्रशियाच्या सेनेचे प्रमुख म्यूफ्लिंग हे आरंभीं उदासीनपणें पाहत बसले होते; डाव संपला तेव्हां हा खेळ नसून युद्धाचें शिक्षण आहे असें त्यांचें मत झालें, आणि त्यांनीं सर्व सेनेला त्याची शिफारस केली. या प्रकारें एक करमणूक लष्करी विद्या बनली.

तीच विद्या पुन्हां करमणूक कशी झाली, याची हकीकत इंग्रजी साहित्याशीं निगडित आहे. १८८० नंतरच्या एक-दोन हिवाळ्यांत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे फुफ्फुसाच्या विकारावर उपचार घेण्यासाठीं स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथें राहिले होते. तेथें ते आपला सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न याच्याशीं माळ्यावर शिशाच्या शिपायांचीं लांबलचक युद्धें खेळत. १८९३ सालीं ब्रिटन नांवाच्या इंग्रज खेळणीवाल्यांनीं आंतून पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली. त्यामुळें शिसें कमी लागूं लागलें, शिपाई स्वस्त झाले आणि मध्यम वर्गाच्या घरांत फौजाच्या फौजा शिरल्या.

याच शिपायांवर एच. जी. वेल्स यांची दृष्टि गेली. वेल्स तेव्हां नामांकित कादंबरीकार होते. एकदां दुपारच्या जेवणानंतर त्यांच्या एका मित्रानें खेळण्यांतील तोफेनें एका शिपायावर नेम धरला आणि तो पाडला. त्यावरून चुरस लागली. मग विश्वकोशाचे जाडे खंड गालिच्यावर मांडून डोंगर करण्यांत आले, आणि हळूहळू नियम बनत गेले. पायदळ एका खेपेस एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेपासून सहा इंचांच्या आंत आपल्या बाजूचे चार शिपाई असले तरच ती डागतां येईल. प्रत्येक चाल घड्याळ लावून, म्हणजे विचार करण्याला मुदत बांधलेली. १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' या नांवानें हें सारें पुस्तकरूपानें निघालें. बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं हा खेळ आहे असें त्याच्या विस्तृत नांवांतच म्हटलें होतें. ग्रंथकाराचें स्वतःचें वय त्या वेळीं ४६ वर्षांचें होतें.

वेल्स हे युद्धाचे भक्त नव्हते. पुस्तकाच्या शेवटीं त्यांनीं मांडलेला विचार असा कीं, ज्यानें हा लहानसा खेळ तीन-चार वेळां मन लावून खेळला, त्याला खरें महायुद्ध किती अवजड, किती गोंधळाचें आणि किती अनर्थकारक असेल हें उमगल्यावांचून राहणार नाहीं. तेव्हां युद्धाची हौस असणाऱ्यांना एका मोठ्या दालनांत कोंडून शिशाचे शिपाई द्यावेत, म्हणजे जगाची सुटका होईल. हें पुस्तक निघाल्यावर पुढच्याच वर्षीं, १९१४ च्या ऑगस्टांत, पहिलें महायुद्ध पेटलें. ज्या मुलांनीं तें पुस्तक उघडून गालिच्यावर तोफा मांडल्या होत्या, त्यांतील कित्येक त्या युद्धांत खंदकांत उभे राहिले. स्वतः वेल्स यांनीं त्याच वर्षीं, हें युद्ध युद्धांचा शेवट करणारें ठरेल, अशा आशयाचें पुस्तक लिहिलें. त्यांच्या दोन्ही आशा फोल ठरल्या.

इतकें झाल्यावर शिशाच्या शिपायांकडे पुन्हां कोणी वळूंच नये, असें वाटणें साहजिक आहे. परंतु इतिहास तसा घडला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ ज्यांनीं पुन्हां उभा केला, त्यांत प्रत्यक्ष लढून आलेले लोक अग्रभागीं होते. डोनाल्ड फेदरस्टोन हे युद्धांत रणगाड्यांच्या दळांत होते आणि इटलींत लढले होते. परत आल्यावर सौदॅम्प्टन येथें दुखावलेल्या हातापायांना मालिश व व्यायाम देऊन बरें करण्याचा व्यवसाय त्यांनीं केला, आणि संध्याकाळीं शिपाई मांडले. त्यांचें 'वॉर गेम्स' हें पुस्तक १९६२ सालीं निघालें. गांवोगांवच्या सार्वजनिक वाचनालयांतून तें असंख्य मुलांच्या हातीं पडलें. ब्रिगेडियर पीटर यंग यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९४२ सालीं दिएपच्या आणि १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ते उतरले होते, आणि मिलिटरी क्रॉस हें शौर्यपदक त्यांना तीनदां मिळालें होतें. पुढें सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत ते युद्धेतिहास शिकवूं लागले, आणि १९६७ सालीं लॉफर्ड यांच्यासह त्यांनीं मेजावरच्या लढाईवर 'चार्ज' नांवाचें एक अत्यंत खेळकर पुस्तक लिहिलें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें जॅक स्क्रबी यांनीं १९५७ सालीं या छंदाला वाहिलेलें नियतकालिक काढलें व शिपाई ओतून विकण्यास आरंभ केला.

खऱ्या तोफा ऐकलेल्या माणसांना या खेळांत काय सांपडलें असावें? एक गोष्ट स्पष्ट आहे. सैनिकाला रणांगणावर आपल्या पुढचे शंभर हात तेवढे दिसतात. धूर, चिखल आणि आरडाओरड यांत आपण कां पुढें गेलों आणि शेजारची पलटण कां मागें हटली हें त्याला कळत नाहीं. मेजावर तीच लढाई वरून पाहतां येते, थांबवितां येते, उलटसुलट करून पुन्हां मांडतां येते. ज्याचा अर्थ त्या वेळीं लागला नाहीं त्याचा अर्थ लावून पाहण्याची ती एक जागा आहे. आणि तेथें पडलेला शिपाई डाव संपल्यावर उचलून उभा करतां येतो, ही गोष्टहि अशा माणसाला लहान वाटत नसेल.

परंतु परतणाऱ्यांतील बहुसंख्य लोक सैनिक नसतात. ते सामान्य गृहस्थ असतात. १९५९ सालीं एअरफिक्स या कंपनीनें प्लॅस्टिकचे इवलेसे शिपाई पेटींतून विकावयास आरंभ केला, आणि खाऊच्या पैशांत मुलाला फौज मिळूं लागली. १९७५ सालीं स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या लंडनच्या संस्थेनें १९८३ सालीं 'वॉरहॅमर' हा खेळ आणला. त्यांत इतिहासांतील सैन्यांऐवजीं राक्षस, बुटके वीर आणि मांत्रिक आले, आणि मुलांची एक नवी पिढी त्याकडे ओढली गेली. हीं मुलें पंधरा-सोळा वर्षांचीं झालीं कीं खेळ सोडीत. कोणाचे सोबती पांगले, कोणाला थट्टेची लाज वाटूं लागली, कोणाच्या घरीं जागा राहिली नाहीं. पंचवीस-तीस वर्षें मध्यें जातात. मग केव्हां मूल मोठें होऊन स्वतःचे शिपाई मागतें म्हणून, केव्हां आजारपणांत सक्तीची विश्रांति मिळाली म्हणून, तर केव्हां नुसती संध्याकाळ रिकामी वाटते म्हणून तें खोकें खालीं उतरतें.

उघडल्यावर पहिली भेट होते ती काळाच्या करणीशीं. लांकडी कपाटांत, विशेषतः ओकच्या लांकडाच्या, ठेवलेल्या शिशावर त्या लांकडांतून निघणाऱ्या आम्ल वाफांमुळें पांढरी पूड चढलेली असते आणि ती धातूला आंतून पोखरीत असते. असे शिपाई वेगळे काढून हवेशीर व कोरड्या जागीं ठेवावे लागतात. ती पूड विषारी असल्यामुळें हात धुणें आणि लहान मुलांना दूर ठेवणें अवश्य आहे. शिशाच्या या दोषामुळेंच ब्रिटनवाल्यांनीं १९६६ सालीं शिशाचे शिपाई ओतणें बंद केलें, आणि आज कथलाच्या निर्दोष मिश्रणाचा, प्लॅस्टिकचा व राळेसारख्या रेझिनचा उपयोग होतो. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या शिपायांवरील रंगाचे पोपडे निघतात. शिवाय ज्या डोळ्यांनीं एके काळीं गणवेशाच्या गुंड्या रंगविल्या, त्यांना आतां चाळिशी लागलेली असते. भिंग आणि चांगला दिवा यांवांचून कुंचला चालत नाहीं.

दुसरा धोका मनाचा आहे. लहानपणीं पैसे नव्हते आणि वेळ भरपूर होता. आतां पैसे असतात आणि वेळ नसतो. परतलेला गृहस्थ मग पूर्वीं न मिळालेलें सारें एकदम विकत घेतो. न रंगविलेल्या शिपायांच्या या राशीला इंग्रज खेळाडू थट्टेनें 'शिशाचा डोंगर' म्हणतात. या डोंगराखालीं पुष्कळांचा उत्साह दुसऱ्यांदां गाडला जातो. जाणत्यांचा सल्ला असा कीं आरंभ एका पलटणीपासून करावा. वीस-चोवीस शिपाई घ्यावेत, रोज रात्रीं अर्धा तास त्यांना द्यावा, आणि ते पुरे झाल्यावांचून पुढचे घेऊं नयेत. पहिल्यानें एक अस्तर, त्यावर कपड्यांचे ठळक रंग, मग खांचांत मुरणारा पातळ काळसर रंग, आणि शेवटीं उंचवट्यांवर उजळ रेषा, एवढें साधलें तरी हातभर अंतरावरून फौज शोभते. दुसरा सल्ला जोडीदाराविषयीं. उत्तम नियमांपेक्षां समजूतदार प्रतिपक्षी अधिक मोलाचा. पट्टी अर्धा इंच कमी पडली तर वाद न घालतां फांसा टाकून मोकळा होणारा मित्र मिळाला म्हणजे अर्धें काम झालें. मित्र नसेल तर दोन्ही बाजू एकट्यानेंच खेळण्याच्या पद्धतीहि आहेत.

येथें लहानपणच्या आणि प्रौढपणच्या खेळांतील खरा फरक दिसूं लागतो. मुलाच्या खेळांत एक बाजू आपली असते, आणि ती जिंकतेच. परतलेल्या माणसाला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. त्यासाठीं ग्रंथ चाळावे लागतात, नकाशे पाहावे लागतात, आणि जो हरला त्याच्या हातांत काय होतें हें मोजावें लागतें. याचें एक उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरचेंच देतां येईल. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें झालेली लढाई विलायती खेळाडूंच्या मेजांवर मांडली जाते. शाळेंतल्या पुस्तकांत ती एका वाक्यांत संपते: वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. मेजावर ती इतक्या सहज संपत नाहीं.

केळणा आणि जुई या दोन नद्यांमधील जिभेसारख्या चिंचोळ्या पट्ट्यांत ती घडली. मराठ्यांची फौज केळणेकडे तोंड करून उभी होती. समोरासमोरच्या दोन गांवांवरून मध्यें उतार असलाच पाहिजे असें वेलस्लीनें ताडलें आणि पिंपळगांवापाशीं नदी ओलांडून त्यानें बाजूनें चढाई केली. येथवर कौतुक त्याचें. परंतु शिंद्यांच्या कवायती पलटणींनीं, पोलमन या हनोव्हरी सरदाराच्या हाताखालीं, आपली सारी रांग काटकोनांत फिरवून त्याच्यासमोर उभी केली. आणि मेजावर ही चाल करावयास बसणाऱ्यालाच ती किती अवघड आहे हें कळतें. इंग्रजांची उजवी बाजू वाट चुकून थेट असई गांवाच्या तोफांच्या तोंडीं गेली आणि तेथें ७४ व्या हायलँडर पलटणीची वाताहत झाली. मराठी गोलंदाजांपैकीं कांहींजण शत्रूची रांग अंगावरून जाईपर्यंत मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले, आणि मग उठून त्यांनीं त्याच तोफा मागून डागल्या. शेवटीं ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या, परंतु त्यांचे मेलेले व जखमी दीड हजारांवर गेले. पुढें वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजलेल्या त्या सेनापतीनें आयुष्याच्या अखेरपर्यंत असईची गणना आपल्या अत्यंत बिकट लढायांत केली.

मेजावर असईचे पांच-सहा डाव झाले म्हणजे एक-दोनदां तरी मराठ्यांची बाजू जिंकते. त्यानें इतिहास बदलत नाहीं. पण जें घडलें तें घडणें अटळ होतें ही समजूत मात्र ढिली होते. पोलमनच्या खुर्चींत बसलेल्या इंग्रजाला त्या गोलंदाजांविषयीं आदर वाटूं लागतो, आणि वेलस्लीच्या खुर्चींत बसलेल्या मराठी माणसाला, समोर एवढ्या तोफा दिसत असतांना पुढें जाण्याचा हुकूम देणें म्हणजे काय तें समजतें.

असें असलें तरी या खेळाच्या नांवावर फाजील पुण्य जमा करणें बरोबर नव्हे. मेजावर रक्त सांडत नाहीं, कोणी पाण्यासाठीं विव्हळत नाहीं, आणि ज्या गांवावरून फौजा जातात त्या पुठ्ठ्याच्या गांवांत कोणाचें घर जळत नाहीं. लढाईचा जो भाग सर्वांत खरा, तोच येथें गाळलेला आहे, आणि चांगला खेळाडू हें विसरत नाहीं. खेळानें युद्धें थांबतील ही वेल्स यांची आशा एका वर्षांत मोडली, आणि ती पुन्हां धरण्याचें कारण नाहीं. मात्र ज्यानें आपली उत्कृष्ट योजना एका वेळेवर न पोंचलेल्या पलटणीमुळें आणि एका वांकड्या फांश्यामुळें कोसळतांना शंभरदां पाहिली, त्याला चार दिवसांत आणि अल्प खर्चांत विजय मिळवून देण्याचीं आश्वासनें ऐकूं आलीं म्हणजे तो लगेच माना डोलवीत नाहीं. सुशिक्षित नागरिकाच्या अंगीं एवढी सावधगिरी आली तर तिची किंमत शिशाच्या किंमतीहून पुष्कळ अधिक आहे.

रात्रीं डाव आटोपतो. जिंकलेला आणि हरलेला असे दोघे मिळून पडलेले शिपाई वेंचतात, संगिनी वांकल्या नाहींत ना हें पाहतात, आणि दोन्ही फौजा आपापल्या खणांत निजवितात. झांकण लावण्यापूर्वीं पुढच्या शनिवारीं बाजू बदलून तीच लढाई खेळावयाची असें ठरतें, आणि मेजावर पुन्हां जेवणाचीं पानें मांडलीं जातात.